नाव आधी, रोग नंतर

१९०३ साली सुनाओ तावारा हे तिशीतले जपानी डॉक्टर जर्मनीतल्या मारबुर्ग इथे लुडविग आशॉफ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांच्या वाट्याला आलेले काम कुणालाही कंटाळवाणे वाटावे असे होते. हृदय थकून मेलेल्या माणसांची हृदये घ्यायची, त्यांचे पातळ काप काढून रंगवायचे आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाहाच्या खुणा शोधायच्या. झडपा बिघडून मोठे झालेले हृदय शेवटी हार मानते ते त्याच्या स्नायूला आलेल्या दाहामुळे, हे मत लुडोल्फ क्रेल यांच्यासारख्या नामवंत वैद्यांनी रूढ केले होते. आशॉफ यांना ते पडताळून पाहायचे होते. तावारांनी शंभराहून अधिक हृदये पालथी घातली. दाह सापडला, पण मृत्यूचे कारण म्हणून पुढे करावा इतका तो बहुतेक हृदयांत नव्हताच. याच शोधाशोधीत १९०४ साली आशॉफ यांना संधिवाताच्या तापाने ग्रासलेल्या हृदयातल्या खास गाठी ओळखता आल्या, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा संदेश नेणारी नाजूक गाठ व तिच्यापासून फुटणाऱ्या तारा तावारांनी १९०६ च्या ग्रंथात मांडल्या. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह, या रोगाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात मारबुर्गचा हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला आहे. नुसत्या ‘दाह’ या शब्दावर वैद्यकाने समाधान मानले तेव्हा उपचार चुकले किंवा वाया गेले. दाह कशाने आला हे विचारले तेव्हाच वाट सापडली.

शब्द जुना आहे. नेपोलियनचे वैद्य कोर्विसार यांनी १८०६ साली हृदयरोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात हृदयाच्या दाहाची चर्चा आहे. ‘मायोकार्डायटिस’ हे नाव मात्र १८३७ साली जर्मन वैद्य सोबर्नहाइम यांनी रूढ केले. त्वचेचा दाह डोळ्यांना दिसतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन काळापासून पाठ आहेत. बरगड्यांच्या आड धडधडणाऱ्या स्नायूची लाली कोण पाहणार आणि त्याची उष्णता कोण मोजणार? मेल्यावर हृदय कापून पाहण्याखेरीज पुरावाच नव्हता. मग जिवंत माणसाच्या बाबतीत या नावाला धरबंध उरला नाही. धाप लागली, पाय सुजले, नाडी अडखळली, आणि झडपेत काही बिघाड ऐकू आला नाही, की ‘जुनाट मायोकार्डायटिस’ लिहून वैद्य मोकळे होत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतल्या मृत्यूच्या दाखल्यांवर हे निदान सर्रास आढळते. त्यांतल्या कित्येकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या होत्या, कित्येकांना वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब होता. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवून दिले की हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यावरही माणूस जगू शकतो आणि जिवंतपणीच त्याचे निदान करता येते. पुढे ईसीजी रुळला आणि जुनाट मायोकार्डायटिसचा डोलारा कोसळला. अडगळीच्या खोलीत टाकलेल्या सामानासारखे हे निदान होते. खोली आवरल्यावर प्रत्येक वस्तूला तिची जागा मिळाली.

खरा दाह त्या काळीही होता, आणि तो जिथे ओळखला गेला तिथे कारणाचा धागा हाती होता. घटसर्प हे त्याचे ठळक उदाहरण. घशात राखाडी पापुद्रा धरून गुदमरणारे मूल त्यातून वाचले, पापुद्रा सुटला, ताप उतरला, आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंथरुणात उठून बसताना ते एकाएकी कोसळले, अशा हकिगती त्या काळच्या वैद्यकीय लेखनात जागोजागी भेटतात. जंतू घशातच राहतो, हृदयापर्यंत पोचते ते त्याचे विष, हे रू आणि येर्सँ यांच्या १८८८ च्या कामातून कळले. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली प्रतिविषाचे तत्त्व मांडले, आणि काही वर्षांत घोड्याच्या रक्तातले प्रतिविष इस्पितळांत पोचले. दाहावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. पेशींत शिरून बसलेले विषही त्याला बाहेर काढता येत नाही. रक्तात मोकळे फिरणारे विष तेवढे ते निकामी करते, म्हणून ते पहिल्या एक-दोन दिवसांत दिले तरच हृदय वाचते. हृदयदाहावरचा हा पहिला परिणामकारक उपचार हृदयाकडे न पाहता घशाकडे आणि घड्याळाकडे पाहून केलेला होता. पुढे लस आली, आणि लसीकरण झाले तिथे हा हृदयदाह जवळजवळ नाहीसा झाला. लसीकरणात खंड पडतो तिथे तो आजही परत येतो.

याच काळात ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात कार्लोस चागास हिवतापाच्या बंदोबस्तासाठी गेले होते. लोहमार्गाचे काम चालू होते आणि लासांस या गावी रेल्वेच्या एका डब्यातच त्यांनी राहण्याची आणि प्रयोगशाळेची सोय केली होती. मातीच्या भेगाळलेल्या भिंतींत दडणाऱ्या आणि रात्री झोपलेल्यांच्या तोंडाला चावणाऱ्या किड्यांची गोष्ट त्यांच्या कानावर आली. त्या किड्यांच्या आतड्यात त्यांना परजीवी सापडला. १९०९ च्या एप्रिलमध्ये तोच परजीवी दोन वर्षांच्या एका तापलेल्या मुलीच्या रक्तात दिसला. आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांचे नाव त्यांनी त्याला दिले. आधी वाहक, मग त्याच्यातला जंतू आणि शेवटी रोग, असा उलट्या क्रमाने लागलेला हा शोध आहे. चागास यांचीही एक चूक झाली. त्या भागात मुबलक असलेला गलगंडही त्यांनी याच परजीवीच्या माथी मारला. त्यामुळे १९२०च्या दशकात ब्राझीलच्या वैद्यक अकादमीत त्यांच्या साऱ्या कामावरच शंका घेतली गेली. तरी १९२२ साली त्यांनी सहकाऱ्यासह या रोगाचे हृदयरूप सविस्तर मांडले होते. परजीवी वर्षानुवर्षे स्नायूत दबा धरून राहतो, ठोक्याच्या तारा तोडतो आणि धडधाकट दिसणाऱ्या शेतकऱ्याचे हृदय फुगवत नेतो. इथला सर्वांत मोठा उपाय हृदयरोगतज्ज्ञांनी केलेला नाही. कीटकनाशकाची फवारणी आणि भिंतींची डागडुजी यांनी तो केला. २००६ साली ब्राझीलमध्ये मुख्य वाहक किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचे प्रमाणित झाले.

उत्तरेकडच्या थंड, श्रीमंत देशांत हा किडा नव्हता आणि घटसर्पही मागे हटला होता. तरीही तरणीताठी माणसे साध्या सर्दीतापानंतर हृदय बंद पडून दगावत होती. ड्रेस्डेनच्या आल्फ्रेड फीडलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे रुग्ण वर्णिले आणि एखादा अदृश्य संसर्ग असावा असा तर्क केला. त्या तर्काला आधार मिळायला अर्धे शतक गेले. १९४८ साली गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी हडसन नदीकाठच्या कॉक्सॅकी गावातल्या मुलांच्या विष्ठेचा अंश नवजात उंदरांना टोचला आणि एक नवा विषाणू वेगळा केला. गावाचे नाव विषाणूला चिकटले. पाचएक वर्षांत आफ्रिकेतल्या प्रसूतिगृहांत नवजात बाळांच्या हृदयदाहाच्या साथी आल्या, आणि जोहान्सबर्गच्या साथीत याच कुळातल्या ‘ब’ गटाचा विषाणू सापडला. याच वेळी दुसरीकडे कॉर्टिझोन हे नवे औषध चमत्कार म्हणून गाजत होते. दाह दिसला की तो दाबायचा, हे आता हाताशी आले होते. पण १९५१ साली किलबॉर्न आणि हॉर्सफॉल यांनी एक प्रयोग केला. मोठे उंदीर कॉक्सॅकी विषाणूला सहसा दाद देत नाहीत. त्यांना आधी कॉर्टिझोन दिले तेव्हा तेच उंदीर त्या विषाणूने मेले. पुढे १९७० साली दुसऱ्या एका गटाने संसर्ग झालेल्या उंदरांना पोहायला लावले, तेव्हा त्यांच्या हृदयात विषाणू अनेक पटींनी वाढला आणि मृत्यूही वाढले. उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही हे खरे. पण शत्रू घरात असताना राखणदाराला झोपवू नये, आणि जखमी हृदयाकडून मेहनत करून घेऊ नये, हे दोन इशारे तिथूनच मिळाले.

हे इशारे मागे पडले, कारण जिवंत हृदयाचा तुकडा काढता येऊ लागला. १९६२ साली टोकियोत साकाकिबारा आणि कोन्नो यांनी शिरेतून हृदयापर्यंत सरकवायची, टोकाला इवलासा जबडा असलेली नळी वर्णिली. दशकभराने स्टॅनफर्डमध्ये फिलिप केव्हज यांनी ती सुधारली. त्यांचे काम हृदयरोपणाचे होते. नवे हृदय शरीर नाकारते आहे का, हे पाहण्यासाठी ते मानेतल्या शिरेतून नळी घालून स्नायूचा कण काढत, आणि मार्गारेट बिलिंगहॅम तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचत. हृदय नाकारले जात असताना स्नायूतंतूंच्या मध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. मायोकार्डायटिसमध्येही तशीच गर्दी दिसते. पहिल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालतात, मग दुसऱ्यावर का नाही? हा विचार साहजिक होता, आणि १९८० साली जे मेसन, बिलिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांवरचे उत्साहवर्धक अनुभव प्रसिद्ध केले. आता एकच अडचण उरली होती. एकाच तुकड्याला एक विकृतितज्ज्ञ दाह म्हणे, तर दुसरा निरोगी म्हणे. म्हणून आठ तज्ज्ञांनी डॅलस शहरात बसून निकष ठरवले. पांढऱ्या पेशींची गर्दी हवी आणि शेजारच्या स्नायूपेशी मरताना दिसायला हव्यात, तरच मायोकार्डायटिस. निकष १९८० च्या दशकाच्या मध्यात आले आणि जगभर चालू लागले. त्यांत एक प्रश्न कुठेच नव्हता, की ही गर्दी कशासाठी जमली आहे.

मेसन यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी लागेल. आपल्याच कल्पनेची परीक्षा त्यांनी आपल्याच नेतृत्वाखाली घेतली. अचानक कमजोर झालेल्या हृदयाच्या २,२३३ रुग्णांचे तुकडे तपासले गेले. डॅलसच्या निकषांना त्यांतले केवळ २१४, म्हणजे दहांतला एक, उतरले. त्यांतल्या १११ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला स्टिरॉइडबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध दिले, दुसऱ्याला फक्त हृदयाला आधार देणारे नेहमीचे उपचार. १९९५ साली निकाल छापून आला. हृदयाची पंप करण्याची क्षमता सगळ्यांची मिळून सरासरी २५ टक्क्यांवरून २८ आठवड्यांत ३४ टक्क्यांवर गेली होती, मात्र दोन गटांत फरक नव्हता. जगण्या-मरण्यातही नव्हता. औषध न घेतलेले तितकेच सुधारले होते. कोन्नोंच्या जबड्यापासून तीस वर्षांत उभारलेल्या इमारतीला हा मोठा तडा होता. मरणोत्तर हृदयांवरच्या तपासण्यांनी आणखी एक दुबळी बाजू उघड केली. दाह स्नायूत ठिगळांसारखा विखुरलेला असतो. जिथे तो खात्रीने होता त्या हृदयांतही एकेका कणात तो बहुधा हुकत होता. म्हणजे निकष जितके काटेकोर, तितके रुग्ण निसटत. आणि जे सापडत त्यांत विषाणूचे बळी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचे बळी आणि जवळजवळ बरे झालेले असे सगळे एकाच रांगेत उभे असत.

यावर पहिला आक्षेप घेता येतो तो असा, की दाह दाबण्याने जीव वाचल्याची उदाहरणे आहेतच. आहेत, आणि ती नीट पाहिली पाहिजेत. सूक्ष्मदर्शकाखाली अवाढव्य, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसणारा एक मायोकार्डायटिस अत्यंत घातक असतो. लेस्ली कूपर यांनी १९९७ साली अशा ६३ रुग्णांची नोंद मांडली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मुळीच न मिळालेले सरासरी तीन महिने जगले होते. सायक्लोस्पोरिनसह औषधे मिळालेले बारा महिन्यांवर गेले. दुसरे उदाहरण इटलीतले. २००९ साली आंद्रेआ फ्रुस्ताची यांनी स्नायूच्या तुकड्यात विषाणूची जनुकीय खूण आधी शोधली, ती ज्यांच्यात नव्हती असेच जुनाट दाहाचे ८५ रुग्ण निवडले, आणि मेसन यांच्या चाचणीत निष्फळ ठरलेल्या जातीचीच औषधे दिली. उपचार घेतलेल्या बहुसंख्यांचे हृदय सुधारले. न घेतलेल्यांचे नाही. औषधे जवळपास तीच होती, बदलला तो औषधाआधी विचारलेला प्रश्न. कर्करोगावरच्या नव्या प्रतिकारशक्ती-उपचारांमुळे येणाऱ्या हृदयदाहाची गोष्टही हीच आहे. तिथे प्रतिकारशक्तीचा लगाम औषधानेच सैल केलेला असतो, म्हणून स्टिरॉइड तातडीने द्यावे लागते. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कारण सापडले म्हणून रोग बरा होतोच असे नाही. कॉक्सॅकीवर आजही रोजच्या वापरातले खास औषध नाही. चागास रोगात तर परजीवी मारणारे औषध आहे, तरीही २,८५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्या औषधाने रक्तातला परजीवी घटला, पण हृदयाची घसरण थांबली नाही. मग कारणाचा एवढा आग्रह कशाला? याचे उत्तर घटसर्पाच्या प्रतिविषातच आहे. त्या चाचणीतल्या रुग्णांच्या हृदयात परजीवी अनेक वर्षे मुक्कामाला होता आणि स्नायूच्या जागी चट्टे पडले होते. चट्टा हा दाह नव्हे आणि संसर्गही नव्हे, ते झालेल्या नुकसानीचे निशाण आहे. ‘कशामुळे’ या प्रश्नाला ‘केव्हा’ हा प्रश्न जोडलेलाच असतो, आणि उशिरा मिळालेल्या उत्तराने वेळ भरून निघत नाही, एवढेच ती चाचणी सांगते. शिवाय कारण कळल्याचा फायदा औषध देण्यात असतो तितकाच औषध न देण्यातही असतो. विषाणू जागा असताना स्टिरॉइड न देणे हाही उपचारच आहे.

तिसरा आक्षेप खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरचा आहे. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात, हृदयाचा तुकडा काढण्यात जोखीम असते, तालुक्याच्या गावी हे करणार कोण? हा आक्षेप मान्य करावा लागतो, आणि आजची व्यवहाराची रीत त्यातूनच घडली आहे. संशय आल्यावर आधी हृदयविकाराचा झटका नाही याची खात्री करायची. रक्तातले ट्रोपोनिन, ईसीजी आणि इको पाहायचा. शक्य तिथे एमआरआय करायचा, कारण स्नायूतले पाणी आणि चट्टे तो सुरीशिवाय दाखवतो. त्याचे निकष २००९ साली ठरले आणि २०१८ साली सुधारले गेले. हृदय कमजोर असेल तर नेहमीची औषधे, ठोका अडला तर तात्पुरता पेसमेकर, पंपच थकला तर काही दिवस यंत्राचा आधार, आणि बरे झाल्यावर तीन ते सहा महिने मैदानापासून दूर. तुकडा काढायचा तो निवडक प्रसंगी. दोन आठवड्यांच्या आत हृदय इतके ढासळले की रक्तदाब टिकत नाही, किंवा ठोक्याचे गंभीर अडथळे आले आणि नेहमीच्या उपचारांना यश नाही, अशा वेळी २००७ पासूनच्या मार्गदर्शक सूचना तो काढायलाच सांगतात. कारण अवाढव्य पेशींचा दाह तिथेच दडलेला असतो. प्रत्येकाचे कारण शोधणे शक्य नाही. पण कारण कळल्याने निर्णय बदलणार असेल, तर ते न शोधणे हा निष्काळजीपणा ठरतो.

हा प्रश्न विचारायला स्टॅनफर्डची नळी लागतेच असे नाही, याचा पुरावा रायगड जिल्ह्यात आहे. विंचूदंशाने हृदय थकते हे वैद्यांना ठाऊक होते. १९६३ साली त्रिनिदादहून आलेल्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने त्याला मायोकार्डायटिसच म्हटले होते. १९७०च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्यांच्या खाटेशेजारी रात्री काढत होते. उलटी, घामाने निथळणारे अंग, बर्फासारखे हातपाय, आणि मग छातीत खरखर व तोंडाला गुलाबी फेस. ही लक्षणे क्रमाने नोंदवून त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. त्या वेळी दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइड, अट्रोपिन यांसारख्या औषधांचा उपयोग नव्हता, दंश गंभीर असेल तर शंभरांत तीसच्या आसपास माणसे दगावत. बावस्करांनी नावाला भुलून दाहाचा पाठलाग केला नाही. थंड हातपाय आणि घाम यांवरून त्यांनी ताडले की विषामुळे शरीरातली उत्तेजक रसायने एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला बंद दारावर धक्के मारावे लागतात. दार उघडणारे औषध स्वस्त आणि जुने होते, प्राझोसिन. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली गेले. पुढे मुंबईच्या हाफकिनचे प्रतिविष जोडीला आल्यावर रुग्ण आणखी लवकर बरे होतात, हे २०११ च्या चाचणीत दिसले. दाह हा शब्द बाजूला ठेवला, तेव्हा माणसे वाचली.

हा धडा कायमचा पाठ झाला असता तर २०२० साल वेगळे गेले असते. त्या जुलैमध्ये फ्रँकफर्टच्या एका अभ्यासाने जाहीर केले की कोविडमधून उठलेल्या शंभरांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही ना काही दोष आहे. आकडेमोडीतल्या चुका नंतर दुरुस्त कराव्या लागल्या, पण तोवर ‘कोविडने हृदयाला सूज’ ही बातमी जगभर फिरली होती. मरणोत्तर तपासणीच्या २२ शोधनिबंधांतली २७७ हृदये जेव्हा कठोर निकषांवर पुन्हा वाचली गेली, तेव्हा खरा मायोकार्डायटिस दोन टक्क्यांहूनही कमी निघाला. बाकीच्यांत गुठळ्या होत्या, प्राणवायूची कमतरता होती, जुना रोग होता. म्हणजे प्रत्येकाचा उपचार वेगळा होता. पुढच्या वर्षी एमआरएनए लशींनंतर तरुण मुलग्यांत, विशेषतः दुसऱ्या मात्रेनंतर, क्वचित येणारा आणि बहुधा सौम्य असा हृदयदाह आढळला. तो खरा होता. आपल्याकडे मुख्यतः दुसऱ्या जातीच्या लशी दिल्या गेल्या, तरी मोबाइलवरून भीती मात्र तीच आली. एकदा खरा दाह फुगवून सांगितला गेला आणि एकदा दुसऱ्याचा दाह उसना घेतला गेला, कारण दोन्ही वेळा लोक शब्दावरच थांबले. तापानंतर छाती दुखू लागली, धाप लागली, ठोके चुकू लागले, तर व्यायाम बंद करून डॉक्टर गाठावा. कागदावर ‘मायोकार्डायटिस’ लिहिलेले आले, तर घाबरून जाण्याआधी एकच प्रश्न विचारावा : कशामुळे? त्याचे उत्तर ‘अजून कळलेले नाही’ असे आले तरी ते प्रामाणिक आहे, आणि पुढची तपासणी त्याच उत्तरापासून सुरू होते.